एक जून

दिघ्याच्या दगडखाणीमागे जी शाळा होती
तिचा निम्मा पट एक जूनला जन्मलेला.
आया सांगायच्या, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला,
बाप सांगायचे, सुरुंगात बोट गेलं त्या साली,
आणि सोनवलकर गुरुजी चष्म्याची काडी चावत
रजिस्टरात लिहायचे : एक जून.
पोर उशिरा आलं तर साल पुढे ढकलायचे,
पहिलीत बसवायला जरा लहान करून घ्यायचे,
लांब बाही दुमडावी तसं.

तिमण्णाचा तन्मयही त्यांनीच केला.
‘पुढं अडायचं नाही पोराचं,’ म्हणाले.

पुढं म्हणजे चौदा मेची रात्र, रबाळ्याचा पूल.
शिवी आधी कुणी दिली ते तिघे तीन तऱ्हांनी सांगतात.
एकशे एकोणपन्नास रुपयांचा चाकू, घरपोच आलेला.
वार एकच.
पुरला.
केतन सकपाळ, वय एकोणीस,
ऐरोलीच्या गोदामात पार्सलांवर पत्ते चिकटवायचा.

मी विधी सेवेच्या पॅनलवरची वकील.
कागदावर याला काय म्हणतात ते मी त्याला दाखवलं :
विधिसंघर्षग्रस्त बालक.
वाच म्हटलं. तो दोन अक्षरांवर थांबला.
‘विधी म्हणजे ते बाराव्याला करतात ते?’
मी तारीख पाहिली.
सव्वीस मे.
तिकडे ऐरोलीत त्या वेळी तेच चाललं असणार.

दुर्गव्वा बाहेर जिन्यावर बसलेली.
‘मॅडम, दाखला चुकलाय.
ह्यो आदल्या सालच्या पोळ्याचा.
मुकादमानं पुरणाची पोळी दिल्ती,
ती खाल्ली आन् रातच्याला कळा सुटल्या.
दुरुस्त करून घ्या, कोर्टात खोटं नको.’
मी फाइल मिटली.
तिच्या पोळ्यापासून गुरुजींच्या जूनपर्यंत
बोटांवर मोजलं. नऊ महिने, थोडे कमीच.

सोळाच्या अलीकडे असला तर मूल.
पलीकडे असला तर मंडळ विचारणार,
समज होती का, ताकद होती का,
पाठवायचा का मोठ्यांच्या कोर्टात.
नऊ महिने गुरुजींनी याला पोटात ठेवलाय,
मी कोण बाहेर काढणार?
असं मी स्वतःला म्हणाले, आणि
ते वाक्य जरा जास्तच छान जमलंय हेही कळलं.

दुर्गव्वाला मी पुन्हा काही विचारलं नाही.
तिला म्हटलं, तुम्ही घरी जा, गरज लागली तर बोलवीन.

समोरचे म्हणाले, हाडांची तपासणी करा.
मी दाखला पुढे केला, गोल शिक्का, जांभळी शाई.
कागद असताना हाडांना विचारायचं नसतं,
असं कलम आहे.
मंडळाने मान डोलावली.
वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

पाण्याच्या कूलरपाशी केतनची आई होती.
पेला साखळीला बांधलेला, तो तिने आधी मला दिला.
मग म्हणाली,
‘माझ्या मुलाची तारीख खरी आहे.
अकरा फेब्रुवारी, सकाळी सव्वानऊ,
कळव्याच्या हॉस्पिटलात. पावतीसुद्धा आहे.’
ती भांडत नव्हती.
कुणी विचारलंच नाही म्हणून सांगत होती.
मी पाणी प्यायले. अख्खा पेला.

आज सह्या घ्यायला निरीक्षणगृहात गेले.
अधीक्षकांनी रजिस्टर बघून
सकाळी सगळ्या मुलांना लिमलेटच्या गोळ्या वाटलेल्या,
तन्मय धोत्रेला दोन.
एक त्याच्या गालात, एक मुठीत चिकट झालेली,
ती त्याने माझ्यापुढे धरली.

‘पण मॅडम, माझा वाढदिवस आज नसतोच.
आई म्हणते पोळ्याला—’

दाराशी हवालदार पेपर वाचत होता.

‘हळू बोल,’ मी म्हटलं,
आणि गोळी घेतली.