तिसरा टप्पा

चौतीस वर्षं मी शाळेची पिवळी बस चालवली,
आणि अर्डिस क्नुडसनला पाहिलं ते बहुतेक
डोक्यावरच्या आरशातून :
पहिल्या बाकावर, मांडीवर वही,
दातांत शिट्टी, न वाजवता.

आयोवातला फेब्रुवारी. दोन्ही बाजूंना
मक्याचे खुंट बर्फातून वर आलेले,
दाढी न केलेल्या म्हाताऱ्याच्या हनुवटीसारखे.
एल्क प्रेअरीत तेव्हा पाचशे माणसं होती
आणि सामन्याच्या रात्री जिममध्ये सातशे.

आमच्याकडे मुलींचा खेळ सहा-सहा जणींचा.
मधल्या रेषेच्या अलीकडे तिघी अडवणाऱ्या,
पलीकडे तिघी बास्केट करणाऱ्या.
रेष ओलांडायची नाही.
चेंडूचे दोनच टप्पे, मग तो देऊन टाकायचा.
मुलींच्या काळजाला जास्त धावणं सोसत नाही,
असं कुण्या डॉक्टरनं कधीतरी सांगितलं होतं म्हणे.
त्याच मुली पहाटे चारला उठून धारा काढून यायच्या.

अर्डिस एकोणपन्नास सालची अडवणारी.
चार वर्षांत तिनं बास्केटकडे एकदाही चेंडू फेकला नाही.
अडवणारीनं फेकायचा नसतोच.
तिच्या नावापुढे वहीत गुण शून्य,
आणि तिच्यासमोर उभी राहिलेली पोरगी
घरी जाताना रडायची.

साठ साली कोच मिळेना, म्हणून टायपिंगच्या बाईंना विचारलं.
'पुरुष मिळेपर्यंत' असं कमिटीच्या ठरावात लिहिलंय.
तो ठराव कोणी कधी रद्द केला नाही.
म्हणजे नियमानं बघितलं तर
ते अजून शोधतायत.

संध्याकाळी जिम मुलांचं, म्हणून ही पहाटे यायची,
आधी स्वतः झाडू मारायची.
पेपरात छापायचे : सौ. लोवेल क्नुडसन.
लोवेलला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

एकदा परगावी पंच सरळ माझ्याकडे आला, हात पुढे करून,
'कोच, तुमच्या मुली तयार?'
मी म्हटलं, मी फक्त बस गरम ठेवतो.
'आणि मी बाकीचं,' ती मागून म्हणाली.
एकवीस गुणांनी जिंकलो.
परतीच्या वाटेवर ती एक अक्षर बोलली नाही,
शिट्टी मात्र चावत होती.

मग नियम बदलला. पाच जणी, अख्खं मैदान.
कॅफेत माणसं सुतकात बसल्यासारखी.
ती हळहळली का? सांगता येत नाही.
'सहावीचं काय?' एवढंच तिनं बैठकीत विचारलं,
आणि सगळे कॉफी ढवळू लागले.

पहिल्या सरावाला पोरी धावत यायच्या
आणि रेषेपाशी थबकायच्या,
वीज बंद केलेल्या कुंपणापाशी गाई थबकतात तशा.
'जा,' ती ओरडायची. 'जा की!'

तिच्या शेवटच्या हिवाळ्यात सामना होता
ती जिथं शिकली त्या गावात.
हरलो. पोरी बसमध्ये बसल्या,
मी हातमोजे राहिले म्हणून परत गेलो.
अर्धे दिवे मालवलेले. ती एकटी,
त्रेसष्ट वर्षांची, बूट काढून, नुसत्या मोज्यांवर,
आपल्या जुन्या बाजूला.
एक टप्पा.
दोन.
मग चेंडू दोन्ही हातांत धरून उभीच राहिली.
तीन.
आजच्या नियमातही ही चूकच,
पण शिट्टी तिच्याच दातांत होती.
रेष गेली, पलीकडचं लाकूड आलं,
तेच लाकूड, आणि तिनं फेकला.

कड्याला लागून चेंडू घरंगळत माझ्याकडे आला.
'बस गरम झाली का, ऑर्विल?'
'झाली.'
मी चेंडू रॅकवर ठेवला.

बसमध्ये चढून तिनं नेहमीसारखी डोकी मोजली.
आरशात दिसत होतं : बोट हवेत, ओठ हलतायत.
बारा.
जरा थांबली,
आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.