दर दीड इंचाला एक गाठ

वाघोटणच्या खाडीत ओहोटी लागलेली.
उंडीखाली अर्धी होडी: पठाण पडलाय, वांक उभे,
फळ्या एकाच बाजूला.
दातांत दोन खिळे धरून बापू विचारतात,
"तुझा ता वर गेला, की दुरुस्तीक परत कधी येता?"
"येणा नाय."
"कधीच?"
"कधीच नाय."
खिळे दातांतून हातात येतात.
बापूंनी बांधलेली प्रत्येक होडी
वर्षाला एकदा त्यांच्याकडे परत आलेली आहे,
शिंपले चिकटलेली, कुठे कुजलेली, मालकाच्या शिव्यांसकट.
"मगे पयल्यांदाच नीट करूक होया,"
एवढंच म्हणतात, आणि परत खिळे दातांत.

नऊ वर्षांपूर्वी कंपनीच्या मुलाखतीत चार जण होते.
हार्नेस म्हणजे काय, त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, वायरी बांधणं.
तिघे हसले.
चौथ्या कुरियनबाई, निवृत्तीला आलेल्या,
मेणाच्या दोऱ्याचा तुकडा पुढे सरकवून म्हणाल्या, बांध.
मी खुंटगाठ मारली, होडी खांबाला बांधतात ती.
बाईंनी नखाने ओढून पाहिली, सरकली नाही.
मग पगाराचं बोलणं सुरू झालं.

तेव्हापासून पांढरा झगा, डोळे तेवढे उघडे.
मनगटाला पट्टी, पट्टीची तार जमिनीला,
माझ्यातली वीज उपग्रहाला लागू नये म्हणून.
पावडर नाही, काजळ नाही, लग्नानंतर महिनाभर मेंदी सुटेपर्यंत
मी नुसती कागद तपासत बसले होते.
दोन हजार तीनशे वायरी,
दर दीड इंचाला एक गाठ,
गाठीचं शेपूट तीन मिलिमीटर.
चार झालं तर बाई काही बोलायच्या नाहीत,
कात्री पुढे ठेवायच्या.

एकदा एका कनेक्टरची एक पिन वाकडी निघाली.
चौदाशे गाठी कापल्या, पुन्हा बांधल्या, बारा दिवस.
कुणी ओरडलं नाही.
तेच जास्त लागलं.

उपग्रह रात्री जातो, पांढऱ्या पेटीत, ट्रकमधून, हळू,
बाळंतिणीला आणावं तसा.
आम्ही फाटकापर्यंत.
वर काय जातं? गाठी जातात.
खाली वही राहते, पान दोनशे बारा,
कोपऱ्यात हे. व. मे.
बापूंच्या होडीवर मालकाच्या पोरीचं नाव असतं.
बापूंचं कुठे असतं, मी कधी विचारलं नाही.

परवा मेल आला. बढती.
सतरा माणसं हाताखाली, तक्ते, तारखा, विमानाची तिकिटं.
दोरा नाही.
उत्तर सोमवारपर्यंत.
बापूंना अजून सांगितलं नाही.
सांगितलं तर विचारतील, "मगे बांधतला कोण?"

हसन बांगी चिखलातून येतो, काखेत करडा डबा.
वादळाचा निरोप आता वरून येणार, थेट होडीवर.
बापू छाती काढतात, "ह्या आमच्या चेडवान केल्यान!"
मी म्हणते, बापू, तो उपग्रह वेगळा, दुसऱ्यांचा,
मी त्याला हातसुद्धा लावलेला नाही.
"वरचाच मां ता?"
हसन माझ्याकडे पाहतो.
मी पुन्हा दुरुस्त करत नाही.

डब्याची केबल काठीवरून खाली सोडायची आहे.
हसनने सुतळी आणलीय, हिरवी, जाळ्यातली.
मी काठीशी उकिडवी बसते, पाय चिखलात,
मनगटाला पट्टी नाही, नखांत डांबर,
एक गाठ, दीड इंच, एक गाठ.
"इतके गाठी कित्याक गो?" हसन विचारतो. "दोन बस्स झाले."
बापू रंधा थांबवून बघतात,
अंगठ्याने एक गाठ ओढून पाहतात,
काही बोलत नाहीत.

पाणी परत चढू लागलंय.
सोमवार अजून तीन भरत्या लांब.
मी कोयता मागते,
आणि शेपूट मोजून कापते.