ओला, सुका

शनिवारची सकाळची शाळा. पहिला तास मूल्यशिक्षणाचा.
फळ्याच्या कोपऱ्यात पट, हजर, गैरहजर,
मधोमध ठळक अक्षरांत, आजचे मूल्य: स्वच्छता.
हिरवा खडू ओल्यासाठी, निळा सुक्यासाठी.
कळलं?
चाळीस मुलं एका सुरात म्हणाली, हो बाई.

चाळीस मुलांचं ‘हो बाई’ फार जड असतं.
वीस वर्षं मी ते कानात घालून
अप्परच्या बसने घरी नेते.

आम्रपाली साळवेनं तेवढं तोंड उघडलं नाही.
म्हटलं, सांग, केळ्याचं साल कुठे जाईल?
ती बघत राहिली,
जणू मी तिला तिच्याच घराचा पत्ता विचारत होते.
वहीत लाल शाईनं शेरा:
लक्ष देत नाही. पालकांनी भेटावे.

सोमवारी पालक भेटल्या.
हिरवा कोट, हातमोजे कमरेला खोचलेले.
बसा म्हटलं तर म्हणाल्या, नको, कपडे कामातले आहेत.
धुरपदाबाई.
मी त्यांना ओळखलं नाही.
त्यांनी मला ओळखलं.

“मधुमालती ना, बाई? सी विंग, दुसरा मजला,
तपकिरी झाकणाची बादली.”
तक्रारीचा स्वर नव्हता. पोस्टमन पत्ता वाचतो, तसा.
“भातातच गोळ्यांची रिकामी पाकिटं असतात.
मागच्या आठवड्यात बरणी होती, लोणच्याची, फुटकी,
कागदात न गुंडाळलेली.”
अंगठ्यावरची चिकटपट्टी त्यांनी दाखवली नाही.
मीच पाहिली.
“रविवारी पोरगी असते सोबत, गाडी धरायला.
मी विचारलं तिला, वर्गात बोलली का नाहीस?
म्हणाली, आई, खरं सांगितलं असतं
तर बाईंना वाईट वाटलं असतं.”

शिकवायचा हक्क मला कुणी दिला, ते मला पाठ आहे,
जावक क्रमांकासह.
कपाटात नियुक्तीपत्र आहे, गोल शिक्क्याचं.
त्यात माझ्या बादलीचा उल्लेख नाही.
शेजारच्या वर्गातल्या एकीचे वडील परवाच म्हणाले होते,
तुम्ही गणिताचं बघा मॅडम, संस्कार आम्ही घरी करतो.
त्यांना मी पंधरा मिनिटं उत्तर दिलं होतं,
घटना, समाज, उद्याचा नागरिक,
सगळं.
इथे एक शब्द सुचेना.

शेवटी म्हटलं, मग बंद करू का हा तास?
धुरपदाबाई पहिल्यांदाच चिडल्या.
“बंद कशाला? शिकवा की!
मी सांगायला गेले तर दार कोण उघडतंय?
बादली बाहेर ठेवून आत बसतात लोक.
तुम्ही बोललेलं चाळीस घरांत जातं.”
आणि गेल्या. दुसरी फेरी बाकी होती.

संध्याकाळी वर्तमानपत्र पसरून
मी बादली उपडी केली.
भात, चहाचा चोथा, चंदेरी पाकिटं,
देवाची फुलं प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून.
हे दारातून म्हणाले, काय हरवलंय?
सांगता आलं नाही. हात भरलेले होते.

शेरा खोडावा तर लाल शाई पुसत नाही.
आडवी रेघ मारली.
खाडाखोड केली की शेजारी सही करायची,
हा नियम मीच मुलांना सांगते.
केली. आद्याक्षरं नाही, पूर्ण नाव.
आम्रपालीनं वही उघडली, बघितलं,
दप्तरात टाकली आणि विचारलं,
बाई, आज खिचडी आहे का?

आता दर शनिवारी नवं मूल्य येतं,
वक्तशीरपणा, सौजन्य, श्रमप्रतिष्ठा,
यादी वरूनच येते, छापील.
मी खडू उचलते. आवाज अजूनही चढतो, सवयीनं.
एकोणचाळीस मुलं म्हणतात, हो बाई.
आम्रपाली म्हणत नाही.
मी तिच्या तोंडाकडे बघते,
मग पुढचं वाक्य बोलते.
कधी कधी बोलत नाही.