सेकंडचा टॉवेल

डावा गुडघा जिना उतरताना बोलतो,
चढताना गप्प.
डॉक्टर म्हणाले, दोरीउड्या बंद, रिंगसुद्धा.
मी विचारलं, बसून मारलं तर?
ते हसले. मी नाही.

म्हणून साखर पेठेत, मागाच्या शेडबाहेर
पत्र्याच्या खुर्चीवर बसून
रोज तीनशे जॅब.
आत माग खटक-खट, खटक-खट,
बाहेर डावा, डावा, उजवा.
लाईट गेली की माग थांबतो.
घामाला लाईट लागत नाही.

दासरी सर सायकलवरूनच वजन विचारतात.
चोपन्न, मी सांगते,
कडक भाकरीचा तुकडा गालात सरकवून.

रात्री नान्ना सेकंडचा टॉवेल आणतात,
काठ चुकलेला,
त्यात बर्फ ठेचून गुडघ्याला बांधतात.
तीस वर्षं विडीच्या सुपापुढे मांडी घातलेली अम्मा
स्वतःचा गुडघा चोळत म्हणते,
तुझं बरंय, तीन मिनिटांनी घंटा तरी होते.

गेल्या साली कोल्हापूरला, दुसऱ्या राऊंडला
सरांनी टॉवेल आत फेकला.
पांढरा, कोरा.
खाली पडल्या पडल्या मी काठ ओळखला,
आमच्याच मागाचा.

हा बर्फानं भिजून
दगडासारखा जड झालाय.
फेकून दाखवा म्हणावं.