घागर घेतलेला माणूस

शास्त्रात त्याला नाव नाही.
शहरात शिराल तेव्हा पाण्याचं मडकं घेतलेला
एक माणूस भेटेल, त्याच्या मागं जा.
एवढंच. पुढं तो दिसत नाही.
साठ वर्षं ऐकत आलो,
दर दुःखसहनाच्या आठवड्यात,
आणि मडक्यावरून नजर तशीच सरकत गेली
भाकरीकडं, प्याल्याकडं.

नाताळ अंकाला गोष्ट द्या, उबाळे पाळक म्हणाले.
मी त्याच्यावर लिहायला घेतली,
कारखान्यातली जुनी हिशेबवही, मागची कोरी पानं.
पहिल्या खर्ड्यात देवदूतानं त्याला सगळं सांगून ठेवलेलं,
कपाळावर उजेड वगैरे.
मडक्याला मात्र वजन नव्हतं.
तीन पानं फाडली.

ऑक्टोबरात सलोमीच्या कमरेचं ऑपरेशन झालं.
आमच्या बोळात पाणी चौथ्या दिवशी, पहाटे तीनला.
खड्ड्यातल्या नळापाशी वाकून
चाळीस वर्षं तिनं घागरी भरल्या;
मी रात्रपाळीला,
नाहीतर झोपेत.

त्या पहाटे मी गेलो.
बायका गप्प झाल्या, मग हसल्या.
"आज गडीमाणूस आला की ओ पाण्याला!"
म्हणत नरसव्वानं मला पुढं घेतलं.

म्हणजे असा ओळखू येत होता तो.
त्याही शहरात पाणी बायकांचंच असणार.
त्याच्या घरी कुणीतरी
अंथरुणावर पडलेलं असणार.

परतताना खांदा भिजला, मान आखडली.
शेजारच्या शेडमध्ये माग खटखटत होते, टॉवेल विणत.
मागं कुणी चालत होतं का?
वळून पाहिलं नाही,
घागर हिंदकळली असती.

उजाडायच्या आत गोष्ट लिहून झाली.
त्यात त्याला कुणी काही सांगत नाही.
बायको, तिचं नाव मी तिरसा ठेवलं, विचारते,
कोण आलंय मागून?
माहीत नाही, तो म्हणतो, माडीवरची खोली मागतायत.
आणि मडकं उतरवतो.
रात्री वर कुणी त्यातलंच पाणी घंगाळात ओततं,
कमरेला रुमाल बांधून गुडघ्यांवर बसतं.
हा तेव्हा खाली
तिरसाला कुशीवर वळवत असतो.

"हे शास्त्रात कुठंय?" पाळकांनी विचारलं.
नाही, म्हणालो.
पुढचं काही सांगता आलं नाही.
माडीवर प्रभू आहे हे मी मानत होतोच,
बाप्तिस्म्यापासून,
भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं.
आता त्या जिन्यावर पाणी सांडलंय,
आणि माझा पाय घसरतो.

सलोमीनं उशीला टेकून गोष्ट वाचली.
"तिची कंबर बरी होते का हो शेवटी?
लिहिलं नाहीत."
तिरसाला कंबरदुखी आहे
असं मी कुठंच लिहिलं नव्हतं.
मला माहीत नाही, म्हणालो.
"बरं," ती म्हणाली,
"घागरीवर झाकण ठेवा."