मागची भिंत

दोन वर्षं मला त्याच्या घराची
एक भिंतच तेवढी ठाऊक होती.
निळ्या काठाची बशी, खिळ्याला टांगलेली.
तिच्याखाली घड्याळ, माझ्यापेक्षा आठ तास मागे.
खिडकीचा कोपरा, त्यात धुकं,
मला वाटायचं काच पुसलेली नाही.

समारच्या किनाऱ्यावर, गीवानमध्ये, माझी रात्र दहाची,
तिकडे फेरो बेटांवर त्याची दुपार.
मी मारिफे, तो होग्नी.
दोघांचंही इंग्रजी दुसऱ्याच्या मापाचं,
म्हणून आम्ही थोडंच बोलायचो.
मध्येच आमचा कोंबडा आरवायचा, वेळकाळ न पाहता,
आणि तो दीड सेकंद उशिरा हसायचा.
त्या दीड सेकंदात मी किती वेळा घाबरले असेन.

एकदा आला तो. अकरा दिवस.
उन्हानं नाक सोलून घेतलं,
माझ्या भावंडांना उचलून समुद्रात फेकलं,
जाताना कोंबड्याचाही फोटो काढला.
मग कागद. कागदांवर कागद.
कचेरीतल्या बाईनं विचारलं, ओळख कशी झाली?
मी सांगितलं. तिनं लिहिलं.
लिहिल्यावर ते फारच लहान दिसलं.

लग्नाच्या दिवशी क्लाक्सविकला वारा असा
की दोघींनी धरून मला चर्चपर्यंत नेलं.
आत माझ्या बाजूचे बाक रिकामे.
पाद्र्यानं पुस्तक उघडलं, तेवढ्यात
पलीकडून चार बायका उठल्या,
ओल्या बुटांचा आवाज करत आल्या
आणि माझ्या बाजूला बसल्या.
तिघी इथल्याच. चौथी थाई, मासळीच्या कारखान्यातली,
तिनं मला डोळा मारला.
माहेर म्हणजे एवढंच असावं, असं त्या दिवशी वाटलं:
कुणीतरी उठून बाक बदलणं.

मग पहिल्यांदा ते स्वयंपाकघर.
बशी होती. घड्याळ होतं. धुकंच होतं ते.
पण भिंतीच्या डावीकडे, चौकटीत कधीच न आलेली
एक खुर्ची, आणि खुर्चीत त्याची आई,
मार्यून, विणत.
ती तिथेच असायची म्हणे. रोज. दोन वर्षं.
आमचं सगळं तिनं ऐकलेलं,
मुकेसुद्धा.

तिनं कपाटातून स्वेटर काढला,
करडा, मेंढीच्या वासाचा.
माप कुठून घेतलं? तिनं फोनकडे बोट केलं.
खांदे तंतोतंत. गळा तंतोतंत.
बाह्या मात्र बोटं गिळून वर वीतभर.
हात तिला कधी पुरते दिसलेच नव्हते.

आता होग्नी ट्रॉलरवर, सहा आठवडे, उत्तरेला.
पुन्हा फोन. पुन्हा तो तुकड्यातुकड्यांनी.
त्याच्या मागे पत्रा आणि लोंबता रेनकोट,
माझ्या मागे बशी.
तो म्हणतो, जरा बाजूला हो, घर दिसू दे.
मी होते.

रात्री, रात्रच म्हणायची, उजेड काही जात नाही,
मार्यून विचारते, थोडं खुणांनी, थोडं शब्दांनी:
तुमच्याकडे वीज जायची ना सारखी?
मग तुझं तोंड एवढं लख्ख कसं?

होग्नीनं हे कधी विचारलं नाही.
मी तिला सांगते. आई. चौकटीच्या बाहेर.
चार्जिंगचा दिवा, असा, डोक्याच्या वर धरून.
डास चावले तरी हलायची नाही,
माझ्या गालावरची सावली हलेल म्हणून.
किती वेळ? मार्यून घड्याळ दाखवते.
मी एक बोट. मग दुसरं, अर्धं दुमडलेलं.

ती सुया खाली ठेवते.
उजवा हात वर करते, सरळ, रिकामा,
आणि तसाच धरून ठेवते.
बाहेर मेंढ्या. केटली केव्हाची गार.
हात थरथरायला लागतो. मी म्हणते, पुरे.
ती मान हलवते,
नाही म्हणून.