लागणं

खांबापाशी वळताना
उजवा पाय मातीत राहिला आणि मी वळले.
मुलींना दाखवत होते,
वेग खांबाला द्यायचा, गुडघ्याला नाही.
गुडघ्यानंच घेतला.
आत ओली सुतळी तुटल्यासारखा आवाज.
"वाग्युं, टीचर?" जिनल धावत आली.
मी मराठीतच म्हणाले, हो गं. लागलं.

शेलत डॉक्टरांनी मांडीमागची एक कंडरा काढली,
चौपदरी केली, दोन्ही हाडांना भोकं पाडून
परकराची नाडी ओवावी तशी ओवली.
दुसऱ्या दिवशी खाटेशी येऊन सांगितलं,
आता ही आधी मरेल.
मी बघतच राहिले.
रक्त तुटलंय तिचं, ते म्हणाले.
दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ती सगळ्यात कच्ची असते
आणि नेमकं तेव्हाच पेशंटला वाटतं,
झालो बरे, स्कूटर काढू.
मग आसपासचं रक्त शिरत जातं तिच्यात,
हळूहळू ती विसरते की ती मांडीची होती.
वर्ष लागतं. एखाद्याला दोन.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी
त्यांनी माझ्याच दंडातून रक्त घेतलं
आणि यंत्रात फिरवत ठेवलं.
बारा-पंधरा मिनिटं ते घरघरत होतं
आणि मी भिंतीवरचा गुडघ्याचा नकाशा पाठ करत होते.
नळी बाहेर आली तेव्हा खाली लाल गाळ,
वर पातळ तुपाच्या रंगाचं पाणी,
आणि मधोमध, खरंच सांगते, साय.
हवी होती ती ही साय
आणि तिच्यालगतचं थोडं पिवळं.
पाच मिली. अठरा हजार. विम्यात बसत नाही.

"लागू पडेल?"
त्यांनी चष्मा काढून पुसला.
काहींना पडतं. काहींचं फोटोत छान दिसतं,
चालण्यात फरक नसतो.
मी शपथ घेणार नाही, ताई.
पैसे मी बहुतेक त्या वाक्याचे भरले.

सुई आत गेली तेव्हा सांध्यात
कुणीतरी पाहुणा जागा करून बसल्यासारखं वाटलं.
फाल्गुनीबेन, माझ्या व्यायामाच्या बाई,
पाऊल धरून उभ्या होत्या.
म्हणाल्या, हे तर मेळवण. दह्याला घालतो ते.
आम्ही विरजण म्हणतो, मी म्हणाले,
आणि आमच्याकडे ते बेतावर पडतं.
त्या हसल्या नाहीत. समजावायला त्राण नव्हतं.

रात्री दांडिया बाजारातल्या आमच्या स्वयंपाकघरात
वॉकरला टेकून मी दूध कोमट केलं.
थंडीत आमचं दही चार दिवस लागलं नव्हतं.
चमचाभर कालचं घातलं, पातेल्याला
मफलर गुंडाळला अरविंदचा,
आणि आईचा नियम पाळला:
रात्रीतून उठून हलवून बघायचं नाही.
हा नियम पाळणं मला कधी जमलेलं नाही.

उत्तरायणला सगळी सोसायटी गच्चीवर.
माझ्यासाठी एकोणतीस पायऱ्या म्हणजे पावागढ.
खाली पलंगावर टाच सरकवत बसले,
पुढे दहा, मागे दहा.
वरून ओरडणं येत होतं, लपेट, लपेट,
कुणाची तरी कापलेली दोरी
खिडकीच्या गजात अडकून
दिवसभर हलत होती.

मार्च. शेलत माझी नडगी दोन्ही हातांनी धरतात
आणि पुढे ओढतात,
डोळे मिटून, पातेलं कलतं करून बघावं तसं.
मी श्वास धरते.
कुठेतरी आत ते थांबतं.
"हं," म्हणतात. एवढंच.
अठरा हजारांमुळे की नुसत्या महिन्यांमुळे
ते त्यांना माहीत नाही, मला नाही,
आणि त्या कंडरेला तर
मांडीसुद्धा आठवत नसेल आता.

मैदानाच्या कडेला प्लास्टिकची खुर्ची ठेवलीय माझी.
रुखसाना खांबाशी फार जवळून वळते.
दुरून, मी ओरडते, दुरून वळ,
आणि हात नकळत गुडघ्यावर जातो,
झाकण नीट बसलंय ना बघायला.